दुसरीकडे म्हणजे 'ऑन द अदर हँड' नव्हे

मला राग लवकर येतो हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, आणि कशाचा येतो हेही माहीत आहे. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं तर मी एक वेळ गप्प बसेन, पण कुणी 'डिस्कस अबाउट' म्हणालं की माझं डोकं फिरतं. तळेगावच्या कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर तरी ही जरा निवळेल, असं आमच्या ह्यांना वाटलं होतं. पण कॉलेजात निदान तास संपल्याची घंटा तरी व्हायची. आता घंटा नाही आणि वर्गही नाही, त्यामुळे जो समोर सापडेल तो विद्यार्थी. सोमाटणे फाट्यावरच्या एका हॉटेलचं मेनूकार्ड मी जेवण येईपर्यंत पेनाने दुरुस्त करून ठेवलं होतं. तेव्हापासून हे माझ्या पर्समधलं पेन आधी काढून घेतात आणि मग मला जेवायला नेतात.

अशा बाईकडे लोक आपण होऊन येतात, हीच मोठी गंमत आहे. आसपासची पीएचडी करणारी मंडळी प्रबंध झाला की माझ्या दारात उभी राहतात. मॅडम, जरा इंग्रजीवरून नजर फिरवा, म्हणतात. नजर फिरवा म्हणजे आठवडाभराची झोप घालवा, हे त्यांनाही ठाऊक असतं आणि मलाही. प्रबंधाच्या इंग्रजीची जातच निराळी. माणूस एरवी साधा असतो, चहा बशीत ओतून पितो, पण प्रबंध लिहायला बसला की अंगात कोट चढवतो. 'पाऊस पडला' लिहायची त्याला लाज वाटते. 'पर्जन्यवृष्टी झाल्याचे निदर्शनास आले' असं लिहिलं की त्याला आपण विद्वान झाल्यासारखं वाटतं. मग दर दोन वाक्यांमध्ये एक भारदस्त इंग्रजी शब्दप्रयोग टाकायचा, भिंतीत विटांच्या मध्ये सिमेंट भरतात तसा. त्याचा अर्थ काय, ह्याची चौकशी कुणी करत नाही.

ती आली तेव्हा तिचंही दुखणं हेच होतं. ती म्हणजे वराळ्याची माझी जुनी विद्यार्थिनी. मी तिला मुलगी म्हणते खरी, पण चाळिशीला टेकलेली, लोणावळ्याच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारी बाई आहे ती. एके काळी माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची, तेवढ्या भांडवलावर मी तिला अजून अगं-तुगं करते. शिकवते म्हणजे तासांवर. दर वर्षी नव्याने मुलाखत द्यायची, दर वर्षी तोच विषय, तोच वर्ग आणि तीच टांगती तलवार. आता त्या कॉलेजात तिच्या विषयाची एक कायम जागा निघाली होती आणि अट एकच होती, मुलाखतीच्या आधी पीएचडी पूर्ण हवी. प्रबंध लिहून झाला होता, बाहेरगावच्या परीक्षकांनी वाचलाही होता. सगळं ठीक आहे म्हणाले, एक गोष्ट सोडून.

तिने पिशवीतून आधी गुलाबांचा गठ्ठा काढला आणि मग प्रबंध. गुलाब तिच्या आईने पाठवलेले. तिची आई इथल्याच एका पॉलीहाऊसमध्ये फुलं तोडायच्या कामाला आहे, ही शाळेत होती तेव्हापासून. दांडी वाकडी निघाली की ते फूल परदेशात जात नाही, मग ते माझ्याकडे येतं. ती जेव्हा जेव्हा आली तेव्हा तेव्हा गुलाब आले. बादलीत, तांब्यात, ह्यांच्या दाढीच्या मगातसुद्धा गुलाब झाले. शेजारीण ह्यांच्याकडे बघून गालात हसायला लागली, पण मी काही खुलासा करत बसले नाही. राहू दे म्हटलं, म्हातारपणी तेवढीच अब्रू वाढली तर वाढली.

परीक्षकांचा शेरा असा होता, की 'ऑन द अदर हँड' हा शब्दप्रयोग प्रबंधभर चुकीच्या अर्थाने वापरला आहे. उमेदवाराने तो नीट समजून घेऊन दुरुस्त करावा, तोंडी परीक्षेत त्याबद्दल विचारलं जाईल. म्हणजे त्यांचं समाधान झालं नाही तर प्रबंध पुन्हा लिहायला परत आणि जागा गेली दुसऱ्या कुणाला. ती हे सगळं अगदी शांतपणे सांगत होती, पण खुर्चीच्या टोकावर बसली होती आणि चहाला हात लावला नव्हता.

तिच्या गाइड सरांनी तोडगा सांगितला होता. गाइड सर घाईचे. ते म्हणाले, त्यात काय, कॉम्प्युटरला सांग, जिथे जिथे 'ऑन द अदर हँड' आहे तिथे 'ऑन द कॉन्ट्ररी' घाल, एका बटणाचं काम. तिने ते केलं होतं. मी चष्मा लावला आणि पहिलंच पान उघडलं. 'ह्या स्त्रिया दिवसभर गुलाब तोडतात. ऑन द कॉन्ट्ररी, त्या आपलं घर सांभाळतात.' मला हसू आवरेना. 'ऑन द कॉन्ट्ररी' म्हणजे 'छे हो, भलतंच काय, आहे ते ह्याच्या उलट.' आधी कुणी जे म्हटलं ते साफ खोडून काढायचं असेल तर ते वापरायचं. म्हणजे वाक्याचा अर्थ झाला, ह्या बायका गुलाब तोडतात असं म्हणतात खरं, पण कसलं काय, त्या तर घरीच असतात. बिचारीने वर्षानुवर्षं पॉलीहाऊसांच्या दारात उभं राहून ह्या बायकांचं काम नोंदवलं होतं, आणि गाइड सरांनी एका बटणात त्या सगळ्यांना कामावरून काढून टाकलं होतं.

मी तिच्याकडून मूळ प्रत घेतली. त्यातलं एक वाक्य तर मला इतकं आवडलं की वाचून मी जागची उठले. 'त्या एका हातात गुलाबाची दांडी धरतात, ऑन द अदर हँड कात्री धरतात.' तिला म्हटलं, अगं बाई, ती कात्री 'इन द अदर हँड' असते. 'ऑन' लावलंस की हात हाताच्या जागी राहत नाही, तो वाद घालायला लागतो. ती पहिल्यांदा हसली आणि मग चहा प्यायली.

पण पुढची पानं वाचताना माझं हसू कमी झालं, कारण ह्या चुकीचं मूळ मला दिसायला लागलं. 'त्या फुलं तोडतात, ऑन द अदर हँड एकमेकींना घरच्या गोष्टी सांगतात.' 'त्या बचत गटाच्या बैठकीला जातात, ऑन द अदर हँड मुलांच्या शाळेत जातात.' ही मुलगी इंग्रजी लिहीत नव्हतीच, ती मराठीत 'दुसरीकडे' म्हणत होती. आपण म्हणतो ना, एकीकडे कुकर लावला, दुसरीकडे पोराचा अभ्यास घेतला. आपल्या 'दुसरीकडे'त भांडण असलंच पाहिजे असं नाही. असलं तर असतं, नसलं तरी चालतं. बहुतेक वेळा 'त्याच वेळी, जोडीने' एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीचा हा दुसरा हात मात्र तराजूच्या पारड्यासारखा असतो. ह्या पारड्यात एक बाजू, त्या पारड्यात तिच्या विरुद्धची बाजू, आणि मग बघा बुवा काय जड होतंय ते. नुसती दोन कामं एका वेळी चालली असतील तर तिथे त्या हाताचं काही काम नाही. ही चूक इंग्रज करणारच नाही, कारण त्याच्याकडे 'दुसरीकडे' नाही. ती करायला मराठी माणूसच लागतो.

मी तिला उदाहरण तिच्या कॉलेजच्या गावातलंच दिलं. लोणावळ्याला येणाऱ्या पर्यटकांना धुकं हवं असतं, त्यासाठी ते चार तास गाडीत बसून येतात. ऑन द अदर हँड, पॉइंटवर उभं राहिलं की धुक्यामुळे काही दिसत नाही म्हणून तेच कुरकुरतात. हा झाला खरा 'अदर हँड'. आणि मका खात खात फोटो काढतात, ही नुसती दोन कामं. तिथे 'ॲट द सेम टाइम' लिही, नाहीतर सरळ 'अँड' लिही. 'अँड' म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. प्रबंधात 'अँड' लिहायचा म्हणजे लोकांना लग्नाला स्लीपर घालून गेल्यासारखं वाटतं.

एवढ्यात आमचे हे येऊन बसले. ह्यांची नोकरी रेल्वेत झाली, तीही लोणावळ्याला, त्यामुळे जगातल्या कुठल्याही चर्चेची गाडी हे शेवटी खंडाळ्याच्या घाटातून नेतात. कर्जतहून घाट चढताना गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात, आणि गाडी लोणावळ्याला आली की मागची सुटतात. हे म्हणाले, म्हणजे पुढचं इंजिन ओढतं, ऑन द अदर हँड मागचं ढकलतं, हे बरोबर ना? मी म्हटलं चूक. हे म्हणाले, चूक कसं, ओढणं आणि ढकलणं एकमेकांच्या उलट नाही का? इतकी वर्षं घाटात काढलीत ती काय उगाच, असा ह्यांचा सूर. मला पटकन उत्तर सुचेना, आणि मला उत्तर सुचलं नाही की राग येतो, म्हणून मी ह्यांना भाजी आणायला पाठवायच्या बेतात होते. तेवढ्यात ती म्हणाली, "काका, पण गाडी तर दोघांमुळे वरच चाललीय ना."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. तेच तर. क्रियापदं बघायची नाहीत, गाडी कुठे चाललीय ते बघायचं. दोन्ही जोर एकाच दिशेला लागत असतील तर 'अँड', आणि एक वर ओढत असेल नि दुसरा खाली, तर 'ऑन द अदर हँड'. व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात इतकं सोपं लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. ह्यांनी लगेच त्याचं श्रेय घेतलं आणि पुढे आठवडाभर भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं की घरी सध्या पीएचडीचं काम चालू आहे.

मग ती रोज संध्याकाळी कॉलेजातून परस्पर यायला लागली आणि आम्ही एकेक 'अदर हँड' पकडून विचारायला लागलो, बाबा रे, तुझी गाडी कुठे चाललीय. सगळ्यांची एकाच दिशेला निघाली. ती स्वतःच म्हणायची, हा बँकर, आणि खोडून 'अँड' करायची. मला वाटलं होतं तिला कंटाळा येईल. पण नाही, तिला त्यात मजा वाटायला लागली, आणि खरं सांगायचं तर मलाही. निवृत्तीनंतर माझं बोलणं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं.

करता करता आम्ही शेवटच्या प्रकरणात पोचलो आणि तिथे आमचं वाजलं. वाक्य असं होतं: 'ह्या स्त्रियांना आपल्या कामाचा अभिमान आहे. ऑन द अदर हँड, आपल्या मुलीने ह्या कामात येऊ नये असं त्यांना वाटतं.' मी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. म्हटलं, सापडला एकदाचा, सगळ्या प्रबंधात हा एक खरा. कामाचा अभिमान एका पारड्यात, मुलीला त्यापासून लांब ठेवणं दुसऱ्या पारड्यात. ह्याला हात लावू नकोस. ती म्हणाली, मॅडम, हाच एक सगळ्यात चूक आहे.

तिने मला तेव्हा सांगितलं. ती आठवी-नववीत असताना सुट्टीत एकदा आईचा डबा द्यायला पॉलीहाऊसमध्ये गेली होती. आई तिला मोठ्या कौतुकाने सगळं दाखवत होती. काटे लागू नयेत म्हणून जुने पायमोजे कापून हातावर कसे चढवायचे, कळी किती मिटलेली असताना तोडायची, कुठल्या पानाच्या वर कात्री लावायची. इतर बायकांना बोलावून म्हणत होती, बघा, माझी लेक. हिलाही हुरूप आला, हिने बाजूची कात्री उचलली आणि एक दांडी कापायला गेली. आईने तिच्या हातातून कात्री हिसकावली, सगळ्यांदेखत तिला दंडाला धरून दाराबाहेर काढलं आणि पुन्हा हितं पाय ठेवायचा न्हाई म्हणून बजावलं. ही रडत घरी गेली. संध्याकाळी आई घरी आली ती जसं काही झालंच नाही अशी, आणि आज माझी फुलं कशी एकसारखी निघाली ते सांगत बसली.

ती म्हणाली, मॅडम, मला किती तरी वर्षं वाटायचं की ह्या दोन वेगळ्या बायका आहेत. पण ती एकच गाडी आहे. दोन्ही इंजिनं मला वरच ढकलत होती. मग मी तिथे 'ऑन द अदर हँड' कसं लिहू?

मी काय बोलायला हवं होतं ते आता सुचतं. तेव्हा मी मास्तरीण होते. मी म्हटलं, हे बघ, वाचणाऱ्याला तुझी आई माहीत नाही. त्याला अभिमान दिसणार आणि नकार दिसणार, आणि तो म्हणणार, इथे विरोध आहे. तू तो शब्द काढलास तर परीक्षक म्हणतील, हिला काही कळलेलं नाही, सगळीकडे नुसती खोडत सुटलीय. व्याकरणाचं माझं ऐक. आणि शेवटी, राग आलाच होता म्हणून, आई तुझी, तिचं तू बघ, असंही म्हणाले. तिने प्रबंध पिशवीत घातला, मॅडम येते म्हणाली आणि गेली. तिने माझं ऐकलं अशी मी समजूत करून घेतली, कारण आजवर तिने कायमच ऐकलं होतं.

तोंडी परीक्षा लोणावळ्याला तिच्याच कॉलेजातल्या संशोधन केंद्रात होती आणि ती शनिवारी ठेवण्याची बुद्धी कुणाला झाली देव जाणे. ऑगस्टातला शनिवार. आम्ही वराळ्याला जाऊन तिच्या आईला गाडीत घेतलं. ती स्वतः पहाटेच पुढे गेली होती. आई पांढरीशुभ्र साडी नेसून, परीटघडी न मोडता मागच्या सीटवर ताठ बसली होती. बौद्धांकडे चांगल्या कामाला पांढरं नेसतात. मांडीवर चिवड्याचा डबा. तोंडी परीक्षेनंतर उमेदवाराने सगळ्यांना चहा-चिवडा द्यायचा असतो, त्याशिवाय माणूस डॉक्टर होत नाही. जुन्या हायवेवर कामशेत गेलं आणि पुढे सगळा खोळंबा. मुंबईच्या, पुण्याच्या गाड्या, खिडक्यांतून बाहेर आलेली पोरं, मोठमोठ्याने गाणी. हे रेल्वेची शिस्त पाळून गाडी चालवत होते, म्हणजे सगळे आमच्या पुढे जात होते. आई एकदाच बोलली. म्हणाली, एवढी मान्सं कुटं निघाली असत्याल हो बाई, हितं तर धुक्यानं काई दिसत बी न्हाई. मी मनात म्हटलं, ताई, तुम्हाला 'ऑन द अदर हँड' जन्मतः येतो.

परीक्षक आमच्याहून उशिरा आले. तेही त्याच गर्दीत अडकले होते आणि आले ते कावूनच आले. वयस्कर, सडसडीत, मानेभोवती मफलर. खिडक्यांतून धुकं आत येत होतं म्हणून शिपायाने एकेक खिडकी लावून घेतली. मी आणि तिची आई शेवटच्या रांगेत बसलो, हे चिवड्याच्या डब्यावर पहारा ठेवून दाराशी. तिने सगळं छान मांडलं. मला तिच्या इंग्रजीत दोनच चुका दिसल्या आणि मी त्या कुठे लिहूनही ठेवल्या नाहीत, यावरून माझी काय अवस्था होती ते समजावं. गाइड सर मान डोलवत होते. आता झालंच, असं वाटत असताना परीक्षकांनी प्रबंधाची दुरुस्त प्रत उघडली आणि बोट ठेवून शेवटच्या प्रकरणातलं तेच वाक्य वाचलं.

तिथे 'अँड' होता.

ते म्हणाले, मी दुरुस्ती सांगितली ती जिथे चूक होती तिथे. ह्या एकाच ठिकाणी प्रयोग बरोबर होता, आणि तुम्ही नेमका तोही काढला. म्हणजे तुम्ही समजून काही केलेलं नाही, नुसतं पुसलं आहे. गाइड सरांनी वर पंख्याकडे बघायला सुरुवात केली. मी सांगितलं होतं, शब्दन् शब्द असंच होईल म्हणून सांगितलं होतं, आणि त्या क्षणी माझं खरं ठरल्याचा मला इतका संताप आला की विचारू नका. तिची कायम नेमणूक, इतक्या वर्षांचं काम, सगळं त्या तीन अक्षरांच्या 'अँड'वर येऊन लटकलं होतं, आणि ती उत्तर द्यायच्या आधी पदर सारखा करत होती.

मग ती इंग्रजीत बोलली, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा सावकाश बोलली. ती म्हणाली, सर, मी तो शब्द समजून काढला आहे. 'ऑन द अदर हँड' लिहायला दोन बाजू एकमेकींच्या विरुद्ध असाव्या लागतात. मलाही आधी त्या विरुद्ध वाटल्या, म्हणून मी लिहिला. पण मी ह्या स्त्रियांना पुन्हा विचारलं. त्यांना कामाचा अभिमान आहे तो त्या कामावर मुली शिकल्या म्हणून. आणि मुलींनी तिथे येऊ नये असं वाटतं तेही त्याचसाठी. "त्यांनी ह्या दोन गोष्टी कधी तराजूत घातल्याच नाहीत, सर. मी कशी घालू? त्यातली एक माझी आई आहे. ती मागे बसलीय."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. आईला एक शब्द कळला नव्हता. ती घाबरली, पदर सावरून जवळजवळ उठलीच आणि माझ्या कानाशी कुजबुजली.

"बाई, समदी माज्याकडं का बगत्यात? काय चुकलं का तिचं?"

मी म्हटलं, काही चुकलं नाही, नंतर सांगते. परीक्षकांनी त्या पानाच्या समासात काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, तुम्ही त्यांना पुन्हा विचारलंत हे प्रबंधात लिहिलेलं नाही, ते लिहा, तळटीप द्या, आणि 'अँड' राहू द्या. व्याकरण म्हणून मला अजूनही पटलेलं नाही, असंही म्हणाले. तो माणूस मला तेव्हापासून आवडतो. थोड्या वेळाने ते आणि गाइड सर आत जाऊन आले, उभे राहिले आणि पदवीची शिफारस करत असल्याचं जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. ह्यांनी दाराशी इतक्या जोरात वाजवल्या की शिपायाला वाटलं, चहा मागवतायत.

चहाच्या वेळी ती माणसांच्या गराड्यात होती. कुणी पेढा भरवत होतं, कुणी फोटो काढत होतं. मी कोपऱ्यात कप घेऊन उभी होते. आई चिवड्याच्या बशा वाटत वाटत माझ्यापर्यंत आली, एक बशी माझ्या दुसऱ्या हातात दिली आणि म्हणाली, आता सांगा, काय म्हनली ती मगाशी.

मी सोप्या शब्दांत सांगायला सुरुवात केली. "ती म्हणाली, माझी आई एकीकडे मन लावून गुलाब तोडायची आणि दुसरीकडे..." आणि मी थांबले. ज्या शब्दासाठी मी आठवडेच्या आठवडे त्या पोरीचं डोकं खाल्लं होतं, तोच माझ्या तोंडात आला होता, आणि मराठीत तो कुठेही खुपत नव्हता. मी पुढे म्हटलं, "दुसरीकडे मला म्हणायची, पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही. त्या सरांना वाटलं, ह्या दोन गोष्टींचं आपसात भांडण आहे."

आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मला बरं वाटत नसावं.

"भांडान कशाचं, बाई? दोनी तिच्यासाठीच व्हतं की."

एवढं बोलून ती पुढच्या माणसाला चिवडा द्यायला गेली. माझे डोळे एकदम भरून आले. आणि एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात चिवड्याची बशी. पुसायला हातच नव्हता.